सेन्सर बदलताना आटे गेले तर

गाडीचा सेन्सर बिघडला तर दुकानात दुसरा मिळतो. तो ज्या भोकात बसतो त्याचे आटे गेले, तर ते भोक कुठल्याच दुकानात मिळत नाही. ते इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, हेडमध्ये नाहीतर एक्झॉस्टच्या पाइपात असतं आणि बहुतेक वेळा गाडीवरच, वाकून, अपुऱ्या उजेडात दुरुस्त करावं लागतं. मीरा-भाईंदरच्या गाडीमालकांनी तर हा विषय आधीच समजून घेतलेला बरा. एका बाजूला वसईची खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र, मधे मिठागरं. राई-मुर्ध्याला किंवा चौकला रस्त्यावर उभी राहणारी गाडी बारा महिने खाऱ्या हवेत असते. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पितळेचा किंवा लोखंडी सेन्सर बसलेला असतो आणि दोघांमध्ये खारट ओलावा शिरतो. असे दोन वेगळे धातू आणि क्षार एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं, त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते आणि सेन्सर जाम होतो. मग काही वर्षांनी कुणीतरी लांब पान्हा लावून तो सोडवतो, तेव्हा सेन्सरच्या अंगाला गुंडाळून ॲल्युमिनियमचे आटेही तारेसारखे बाहेर येतात.

ही झाली जुना सेन्सर काढतानाची गोष्ट. नवा बसवताना होतं ते नुकसान मात्र हवेचं नसतं, हाताचं असतं. सेन्सर वाकडा सुरू झाला, दीड फेर गेला, घट्ट लागला आणि ‘बसतोय, बसतोय’ म्हणत पान्हा लावला, की आटे एकमेकांना कापत जातात. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: सेन्सर भोकावर सरळ धरायचा आणि आधी उलटा, म्हणजे सोडवायच्या दिशेने, हलकेच फिरवायचा. एका क्षणी तो टकदिशी खाली बसल्याचं बोटांना कळतं. तिथून पुढे सुलटा फिरवायचा. तीन-चार फेर नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. नाही गेले तर थांबा. इथं थांबलात तर काम टॅपवर, म्हणजे आटे कापायच्या हत्यारावर, भागतं; नाही थांबलात तर ड्रिल काढावं लागतं.

आटे गेले असं गॅरेजमध्ये सांगितलं की बहुधा एकच उत्तर मिळतं, ‘हेलिकॉइल मारून देतो.’ हेलिकॉइल उत्तम चीज आहे, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो आहे. पण सगळ्या भोकांना ती चालत नाही. आधी एक प्रश्न विचारायचा: या आट्यांचं काम काय? काही आटे नुसते धरून ठेवतात. काही तेल, पाणी, धूर अडवतात. काहींमधून सेन्सरची अर्थिंग जाते. आणि नॉक सेन्सरसारख्या एखाद्या ठिकाणी बोल्ट किती ताणाने आवळलाय यावर सेन्सरला ऐकू येणं-न येणं अवलंबून असतं. काम ओळखलं की दुरुस्ती आपोआप ठरते. ते न ओळखता केलेली दुरुस्ती दिसायला छान असते आणि आठवड्याने गळते.

सगळ्यात सोपा प्रकार आधी उरकू. क्रँक सेन्सर आणि कॅम सेन्सर स्वतः आट्यांत बसत नाहीत. रबरी ओ-रिंगवर भोकात सरकतात आणि बाजूचा एक छोटा बोल्ट, बहुधा एम ६ (६ मिलिमीटर व्यासाचा), त्यांना धरून ठेवतो. त्या बोल्टला १० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त ताण सहसा लागत नाही. तिथले आटे गेले तर खुशाल हेलिकॉइल मारा. गळण्याचा प्रश्न नाही, अर्थिंगचा नाही.

आता सगळ्यात अवघड, म्हणजे ऑइल प्रेशरचा स्विच. डॅशबोर्डवरचा तेलाच्या किटलीचा लाल दिवा हाच लावतो. त्याच्या जागी कुणी गेजचा सेंडर, म्हणजे काट्याला दाब कळवणारा सेन्सर, बसवायला जातं आणि घोटाळा होतो, कारण इथं निदान तीन प्रकारचे आटे समोर येतात आणि तिन्ही डोळ्यांना एकसारखे दिसतात. जपानी घडणीच्या बऱ्याच इंजिनांत, म्हणजे मारुती सुझुकी, टोयोटा, होंडा यांच्याकडे, १/८ इंची पाइपचे निमुळते आटे असतात. व्यास सुमारे ९.७ मिलिमीटर, इंचाला २८ आटे. युरोपीय घडणीच्या अनेक इंजिनांत एम १० × १ असतो, म्हणजे १० मिलिमीटर व्यास आणि दोन आट्यांत बरोबर १ मिलिमीटर अंतर. आणि बाहेरून मागवलेल्या गेजच्या डब्यात अनेकदा अमेरिकन १/८ एनपीटीचा सेंडर निघतो, इंचाला २७ आटे. २७ आणि २८ मधला फरक पहिल्या दोन फेरांत जाणवतच नाही. तिसऱ्या-चौथ्या फेराला सेंडर घट्ट लागतो, माणसाला वाटतं निमुळता आटा आहे, घट्ट लागणारच. तोवर ब्लॉकचं ॲल्युमिनियम कापलं गेलेलं असतं.

जपानी इंजिनात हा इंची आटा कसा आला? १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडमध्ये ५५ अंशांच्या आट्यांचं प्रमाण सुचवलं, ब्रिटिश पाइपचे आटे त्यातूनच आले आणि पाइपांच्या बाबतीत जवळजवळ सगळ्या जगाने तेच ठेवले. अमेरिकेने मात्र ६० अंश धरले. आपल्या नळांचे आटे त्याच ब्रिटिश घराण्यातले; भारतीय प्रमाण आयएस ५५४ मध्ये हेच निमुळते आटे आहेत. याचा तुम्हाला थेट फायदा असा की ओळख पटवायला महागडं गेज लागत नाही. हवेच्या लाइनचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानातून १/८ इंची पितळी सॉकेट, आतून आटे असलेलं, घ्या आणि स्विच त्यात हाताने फिरवून पाहा. चार-पाच फेर सहज जाऊन मग हळूहळू घट्ट झाला तर तो ब्रिटिश. त्याआधीच अडला किंवा शेवटपर्यंत ढिला डुगडुगला तर वेगळा. ही चाचणी नव्या सेंडरवर, तो इंजिनाजवळ नेण्याआधी करायची.

समजा आटे बिघडलेच. थोडेच चुरगळले असतील तर १/८ ब्रिटिश निमुळता टॅप हाताने, तेल लावून, अगदी मोजून फिरवायचा. निमुळत्या टॅपची एक खोड आहे: जितका आत जाईल तितकं भोक मोठं होत जातं. दोन फेर जास्त मारले की स्विच गळ्यापर्यंत आत जातो आणि तरी घट्ट होत नाही. त्यामुळे टॅपवर आधी खूण करा. जुना स्विच जितका आत जात होता तितकाच टॅप आत न्यायचा, आणि दर फेराला बाहेर काढून स्विच लावून पाहायचा.

आटे पुरतेच गेले असतील तर इथं साधी हेलिकॉइल नको. ती सरळ भोकासाठी आहे, हा आटा निमुळता. शिवाय तारेच्या वेटोळ्यामागून तेलाला वाट मिळते. इथं भोक १/४ इंची आट्यांचं करून त्यात १/४ ते १/८ असा रिड्यूसर बुश बसवणं शहाणपणाचं. पितळी घ्या. तापल्यावर ॲल्युमिनियम जितकं फुगतं त्याच्या बरंच जवळ पितळ फुगतं, पोलाद त्याच्या निम्मंच. मात्र १/४ इंची आट्याचा व्यास १३ मिलिमीटरच्या वर जातो, तेव्हा भोकाभोवतीची भिंत पुरेशी जाड आहे का हे व्हर्नियर लावून आधी बघायचं. भिंत पातळ असेल तर ड्रिल खाली ठेवा आणि ती जागा वेल्डिंगने भरून नव्याने भोक पाडणाऱ्या माणसाकडे जा. एम-सील किंवा तत्सम लांबी लावून स्विच चिकटवण्याचा उद्योग तर कधीच करू नका. गरम इंजिनात तिथं तीन-चार बार दाबाने तेल उभं असतं. स्विच हायवेवर उडाला तर तेल मिनिटांत संपतं, आणि जो दिवा लागायला हवा तो लावणारा स्विचच रस्त्यावर पडलेला असतो.

इथला खरा धोका किसाचा आहे. हा स्विच सहसा तेलाच्या फिल्टरच्या पुढे असतो, म्हणजे इथं आत पडलेला ॲल्युमिनियमचा कीस फिल्टरमध्ये अडकत नाही, सरळ बेअरिंगकडे जातो. टॅपच्या खाचा ग्रीसने गच्च भरा. कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो. दर अर्ध्या फेराला टॅप पाव फेर मागे, दर दोन फेरांनी बाहेर काढून पुसा, पुन्हा ग्रीस भरा. भोकात हवा मारू नका, कीस आत जातो. व्हॅक्यूमला बारीक नळी लावून ओढून घ्या. आणि शेवटी, स्विच लावायच्या आधी, फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर दोन-तीन सेकंद फिरवा. त्या भोकातून तेल उसळून बाहेर येतं आणि उरलासुरला कीस घेऊन येतं. खाली डबा, भोकासमोर जाड फडकं धरायला विसरू नका. पडलेलं तेल नंतर डिपस्टिक बघून भरून घ्या.

आटे सील करायला आपल्याकडे हात आधी जातो तो प्लंबरच्या पांढऱ्या टेपकडे. इथं दोन अडचणी आहेत. टेपचे तुकडे सुटून तेलाच्या बारीक वाटा बुजवू शकतात, ही एक. दुसरी अर्थिंगची. ज्या स्विचला एकच वायर येते, त्याची दुसरी बाजू स्वतःच्या अंगातून, आट्यांतून, ब्लॉकला जोडलेली असते. टेपचे चार वेढे घातले की ती तुटते. दिवा लागत नाही, गेजचा काटा भलतंच दाखवतो. मेकॅनिक नवा स्विच आणतो, पुन्हा टेप लावून बसवतो, पुन्हा तेच. टेपऐवजी ॲनरोबिक थ्रेड सीलंट वापरा, पहिला आटा कोरडा सोडून पुढच्या दोन-तीन आट्यांना. ते हवा नसलेल्या जागेतच सुकतं, म्हणून रात्रभर गाडी उभी ठेवलेली चांगली. बसवल्यावर मल्टिमीटरची एक सुई स्विचच्या षटकोनावर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर लावा. रेझिस्टन्स जवळपास शून्य आला पाहिजे.

कूलंटच्या सेन्सरला दोन वायरी असतील तर अर्थिंगची काळजी नाही. तो बऱ्याचदा एम १२ × १.५ असतो आणि पाणी अडवायचं काम आट्यांकडे नसून तांब्याच्या वॉशरकडे किंवा ओ-रिंगकडे असतं. अशा जागी हेलिकॉइल चालते. फक्त वॉशर ज्या तोंडावर बसतो ते तोंड सपाट, ओरखड्याविना राहिलं पाहिजे. काम अर्थातच थंड इंजिनावर, थोडं कूलंट काढून टाकून. सेन्सर प्लास्टिकच्या थर्मोस्टॅट हाउसिंगमध्ये असेल आणि तिथले आटे गेले असतील तर हाउसिंगच बदला. प्लास्टिकमध्ये कॉइल धरत नाही.

आता ऑक्सिजन सेन्सर. भारत स्टेज ६ देशभर लागू झाला १ एप्रिल २०२० पासून; आजच्या पेट्रोल गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. आटा जवळजवळ सगळीकडे एम १८ × १.५, षटकोन २२ मिलिमीटरचा. हाच आटा पूर्वीच्या जाड १८ मिलिमीटरी स्पार्क प्लगचा, त्यामुळे त्याचा टॅप किंवा आटे साफ करायचा चेझर शोधायला फार वणवण होत नाही. टॅप आणि चेझर या दोन गोष्टी वेगळ्या. टॅप कापतो, चेझर वाकलेले आटे सरळ करतो. आटे मळलेले-चेपलेले असताना टॅप मारलात तर चांगला धातूही थोडा निघून जातो. चेझर नसेल तर जुन्या, फेकायच्या सेन्सरच्या आट्यांवर हॅकसॉने तीन उभ्या चिरा पाडा, कडा कानशीने साफ करा. कामचलाऊ चेझर तयार.

हा सेन्सर इथल्या हवेत हमखास गंजून धरतो. इंजिन कोमट असताना काढायचा, लालभडक गरम असताना नाही. गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा. चीर असलेली २२ची गोटी लावा, पण सेन्सर टाकूनच द्यायचा असेल तर सरळ वायर कापा आणि रिंग पान्हा घाला; तो घसरत नाही. सुटायला लागला की एकदम ओढत नेऊ नका. पाव फेर बाहेर, त्याच्या निम्मा आत, तेल, पुन्हा बाहेर. कंटाळवाणं आहे, पण आटे वाचतात.

भोकाचे आटे गेलेच असतील तर माझं मत स्पष्ट आहे: एक्झॉस्टमध्ये कॉइल घालत बसू नका, एम १८चा नवा बंग, म्हणजे आतून आटे असलेली कडी, वेल्ड करून घ्या. भाईंदर पूर्वेला गोडदेव, नवघर रोडच्या पट्ट्यात स्टेनलेस स्टीलची भांडी आणि फॅब्रिकेशनचे इतके गाळे आहेत की चांगला टिग वेल्डर सापडायला स्टेशनपासून लांब जावं लागत नाही. पाइप गाडीवरून उतरवून न्या. उतरवणं शक्यच नसेल तर वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि सेन्सर तर बाहेरच हवा. बंग बसवताना सेन्सर आडवा किंवा खालून वर येणार नाही हे वेल्डरला सांगावं लागतं, कारण त्याला ते माहीत असण्याचं कारण नाही: सेन्सरची वायरकडची बाजू आडव्या रेषेपेक्षा निदान १० अंश वर हवी, म्हणजे पाइपात जमलेलं पाणी त्याच्या गरम सिरॅमिकवर साचत नाही.

एवढा कटकटीचा मार्ग का? कारण इथला आटा धूर अडवतो आणि गळती असेल तर ती दोन्ही बाजूंनी होते. एक्झॉस्टमधला दाब धडधडत असतो. दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो आणखी पेट्रोल मारतो. मायलेज पडतं, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि दोष नव्या सेन्सरवर जातो. आट्यांना अँटी-सीझ लावायचं, ते फक्त आट्यांना, टोकाला अजिबात नाही. नव्या सेन्सरवर अनेकदा ते कंपनीतूनच लावलेलं येतं. सिलिकॉनचं गॅस्केट मेकर या भोकाजवळही नको. त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. ताण ४० ते ५० न्यूटन-मीटर.

हा ताण किती, याचा अंदाज नसला की आटे जातात, म्हणून साधं गणित लक्षात ठेवा. पान्ह्यावर २० सेंटिमीटर अंतरावर १० किलोचा जोर दिला की सुमारे २० न्यूटन-मीटर होतात. म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्ह्यावर अंग टाकून ४० किलोचा जोर दिलात तर १००. ऑक्सिजन सेन्सरला लागतो त्याच्या दुप्पट. टॉर्क रेंच असेल तर प्रश्नच मिटला. गॅरेजमध्ये असतो, पण पेटीच्या तळाशी असतो; मागितला तर काढतात.

राहिला नॉक सेन्सर, आणि हेलिकॉइलची खरी जागा. हा ब्लॉकवर एका बोल्टने आवळलेला असतो, बहुधा एम ८ × १.२५, ताण २०च्या आसपास. आत पीझो सिरॅमिकची चकती असते आणि ती ब्लॉकची थरथर ‘ऐकते’. बोल्ट ढिला असेल तर नीट ऐकू येत नाही, फार आवळला तर चकतीवरचा दाब बदलतो. दोन्हीत कॉम्प्युटरची फसगत. म्हणून सेन्सरखाली स्प्रिंग वॉशर घालायचा नाही, तोंडावर रंग-गंज ठेवायचा नाही आणि आटे गेले म्हणून ‘चालतंय’ म्हणत बोल्ट लोंबकळत ठेवायचा नाही. भोक मोठं करून एम १० बोल्ट टाकतो असं कुणी म्हणालं तर त्याला सेन्सरचं भोक दाखवा. त्यातून एम १० जाणारच नाही.

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेचं वेटोळं. तारेचा छेद पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा, त्यामुळे बाहेरून ती नव्या आट्यांत बसते आणि आतून मूळ मापाचा आटा देते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या हलक्या धातूच्या इंजिनांसाठी ती भरपूर वापरली गेली. ॲल्युमिनियममध्ये नीट बसवली तर मूळ आट्यापेक्षा जास्त टिकते.

एम ८साठी किटमध्ये ८.३ किंवा ८.४चं ड्रिल येतं. म्हणजे प्रत्येक बाजूने मिलिमीटरचा अगदी थोडा अंश काढायचा आहे. बॅटरीवरचं ड्रिल हळू वेगात पुरतं. खोली आधी मोजा आणि ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळून खूण करा, कारण भोकाच्या तळापलीकडे कूलंटची वाट असू शकते. ड्रिल सरळ जातंय का ते दोन बाजूंनी छोटा गुण्या धरून बघायचं. आधीचा बोल्ट तिरका गेला असेल तर ड्रिलही त्याच वाटेने तिरकं ओढलं जातं. लेथवाल्याकडून ८.४चं भोक पाडलेला इंचभर उंचीचा लोखंडी ठोकळा करून आणला आणि तो ब्लॉकच्या तोंडावर दाबून त्यातून ड्रिल चालवलं तर ही भीती राहत नाही. मग किटमधलाच टॅप. साधा एम ८ किंवा एम १०चा टॅप इथं चालत नाही, कॉइलचा टॅप वेगळा असतो. ॲल्युमिनियमसाठी रॉकेल उत्तम चालतं. अर्धा फेर पुढे, पाव मागे.

भोक पुसून कोरडं केलं की कॉइल हत्याराच्या टोकाला अडकवायची. कॉइलच्या खालच्या टोकाला एक आडवी शेपटी असते, हत्यार तिला धरून कॉइल आत फिरवतं. दाबायचं नाही, फक्त फिरवायचं. दाबलं की कॉइल एक आटा सोडून उडी मारते आणि मग ती काढताना नवे आटेही जातात. वरचं टोक तोंडाच्या खाली पाव ते अर्धा आटा, म्हणजे या मापात साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर, गेलं की थांबा. नॉक सेन्सरच्या बाबतीत हे अंतर महत्त्वाचं, कारण तार केसभर जरी वर राहिली तरी सेन्सर ब्लॉकवर न बसता तारेवर बसतो. शेवटी पंच लावून हातोडीची एक छोटी टिचकी, शेपटी तुटते. ती चिमट्याने किंवा चुंबक लावलेल्या दांडीने शोधून बाहेर काढा. स्टेनलेस असल्याने चुंबकाला ती फारशी दाद देत नाही, तेव्हा ग्रीस लावलेला खिळा जास्त कामाचा. हातात आलेली शेपटी बघितल्याशिवाय बोल्ट लावू नका. आरपार भोक असेल तर ती आत कुठे जाईल याचा आधी विचार करून खाली ग्रीसचा बोळा घालून ठेवा.

सामान कुठे मिळेल? किरकोळ टॅप, ड्रिल काशिमिऱ्याच्या किंवा भाईंदरच्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळून जातात. कॉइलचं किट, एम १८ × १.५ किंवा पाइपच्या आट्यांचा चांगला टॅप हवा असेल तर नागदेवी स्ट्रीट गाठावी. भाईंदरहून चर्चगेट लोकलने मरीन लाइन्सला उतरा, क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालत जा. रविवारी जाऊ नका. टॅप हाय-स्पीड स्टीलचा घ्या; स्वस्त कार्बन स्टीलचा टॅप भोकात तुटला तर तो ड्रिलने निघत नाही आणि मग तो जाळून काढण्यासाठी स्पार्क इरोजनवाला शोधत फिरावं लागतं. सेन्सर आणि जुना बोल्ट सोबत न्या, नुसतं माप सांगू नका. किट नेमक्या एकाच मापाचं घ्यायचं; पाच मापांच्या पेटीतली चार मापं गंजत पडतात.

हे सगळं स्वतः करायचं नसेल, आणि बहुतेकांनी करूही नये, तरी गॅरेजवाल्याला नेमके प्रश्न विचारता येतात. कुठला आटा आहे, कशावरून ठरवलं? हा आटा नुसता धरतोय की अडवतोय? कीस आत जाऊ नये म्हणून काय करणार? कॉइलची शेपटी दाखवाल ना? उत्तरं देणारा माणूस काम नीट करतो. ‘साहेब, रोजचं काम आहे’ एवढंच म्हणणाऱ्याच्या हाती निदान तेलाचा स्विच तरी देऊ नका.

काम झाल्यावर तपासणी. तेलाचा स्विच असेल तर इंजिन सुरू करून लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझतो का बघा; नाही विझला तर लगेच बंद करा, ‘थोडं चालू देऊ’ नको. दिवा विझला तर दहा मिनिटं इंजिन तापू द्या, मग बंद करून स्विचच्या मुळाशी पांढरा टिश्यू फिरवा. ऑक्सिजन सेन्सर असेल तर थंड इंजिन सुरू करून, पाइप तापायच्या आत, बंगभोवती साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे आले तर गळती आहे. ओबीडी स्कॅनर असेल तर आधीचे कोड पुसून दोन-तीन दिवस रोजच्यासारखी गाडी चालवा, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रखडण्यासकट, आणि फ्युएल ट्रिमचा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय त्याचा, आकडा पाहा. तो शून्याच्या आगेमागे पाच-सात टक्क्यांत खेळत असेल तर ठीक. सतत अधिक पंधराच्या वर चिकटून बसला असेल तर सेन्सर बदलायला धावू नका, पुन्हा साबणाचं पाणी घ्या. गळती पहिल्या दिवशी नसली तरी तापून-निवून चार फेऱ्या झाल्यावर उघडी पडते, म्हणून हीच तपासणी आठवड्याने आणखी एकदा करायची. तेव्हा सेन्सर पुन्हा आवळायचा मोह होतो. गळत नसेल तर हात लावू नका.